सात नंबरची नळी

कोंडिबा साबळे वेळेच्या तासभर आधीच येऊन बसले होते. मॉडेल हॉलच्या पायरीवर, डोक्याला पटका, मांडीवर कापडी पिशवी. मी किल्ली घेऊन आले तसे ते उठले आणि मला वाट देत बाजूला झाले. मी त्यांना ओळखत नव्हते. गेटवरच्या शिपायाने कुणा ठेकेदाराचा माणूस चुकून इकडे पाठवला असेल असं वाटलं, म्हणून जरा तोडूनच विचारलं, काय काम आहे. माझा स्वभाव तेव्हा तसा होता. अजूनही फार सुधारलेला नाही.

"ढमढेरेबाई तुमीच न्हवं?" ते म्हणाले. "मी उद्धवचा बाप."

मी कुलूप उघडलं.

"उद्धव तुमचं नाव काढायचा. घरी आला की सांगायचा, तितं एक बाई हायती, त्या नळ्या वाचत्यात. त्यांनी चालंल म्हटलं की आपल्याला घोर न्हाई."

मी त्यांना आत घेतलं, बसायला स्टूल दिलं आणि गेनूमामाला चहा आणायला पाठवलं. गेनूमामा म्हणजे आमचा मॉडेल बनवणारा सुतार. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता किटली उचलून गेला. त्याला सगळं ठाऊक होतं.

ही सत्त्याहत्तर सालच्या डिसेंबरातली गोष्ट. आमची प्रयोगशाळा गावाबाहेर, कालव्याच्या काठाला होती. कुठलंही धरण बांधण्याआधी आम्ही ते विसाव्या हिश्शाएवढं लहान करून बांधायचो आणि त्यातून पाणी सोडून बघायचो. मी नेमकं काय करते ते घरी कुणाला कधी नीट कळलं नाही. आई पाहुण्यांना सांगायची, "आमची सुलभा पाण्याशी खेळते आणि सरकार तिला पगार देतं."

कासारखिंड धरणाच्या तळाशी दोन मोऱ्या होत्या. मोरी म्हटलं की घरातली आंघोळीची जागा आठवेल. ही मोरी म्हणजे धरणाच्या पोटातून जाणारा दोन पुरुष उंचीचा बोगदा. दोन्ही मोऱ्या शेजारीशेजारी, मध्ये एकच भिंत. ती आतल्या बाजूला चांगली जाड होती, पण पाणी बाहेर पडतं त्या टोकाकडे पाचरीसारखी निमुळती होत गेली होती. भिंत निमुळती झाली की पाण्याची वाट तेवढी रुंद होते. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

त्या वर्षी धरण पहिल्यांदा भरलं. ऑक्टोबरात उजवी मोरी सोडली. डावी बंद होती आणि तिच्या दाराच्या खाचा तपासायला कनिष्ठ अभियंता उद्धव साबळे दोन मजुरांना घेऊन आत उतरत होता. उजवी मोरी तीन दिवस सतत चालू राहिली. चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला मधली भिंत निमुळत्या टोकाला फुटली आणि उजवीकडचं पाणी डावीकडे शिरलं. तिघांना बाहेर काढायला दुसरा दिवस उजाडला. उद्धव सत्तावीस वर्षांचा होता. मजुरांची नावं रामू बनसोडे आणि शंकर पवार. वर्तमानपत्रात त्यांना 'अन्य दोघे' म्हटलं होतं.

आज चौकशी समिती आमच्याकडे मॉडेल बघायला यायची होती. धरणावरून आलेल्या अहवालात दोष भिंतीच्या कामाला दिला होता. पृष्ठभाग हवा तेवढा गुळगुळीत नव्हता, सांध्यावर उंचवटा राहिला, त्यावर पाणी आपटून काँक्रीट खाल्लं गेलं. त्या कामावर देखरेख कोणाची? साबळ्यांची. गेलेला माणूस काही उत्तर द्यायला येत नाही, त्यामुळे सगळ्यांचीच सोय झाली होती. अहवाल ऐकून गेनूमामा एवढंच म्हणाला होता, "नाचता येईना, अंगण वाकडं."

चहा आला. कोंडिबांनी तो बशीत ओतून दोन घोटांत संपवला आणि बशी पुसून स्टुलाखाली ठेवली. मग पिशवीत हात घालून एक रंधा बाहेर काढला. गवंडी गिलावा सारखा करायला वापरतात तो, लाकडी. मूठ तळहाताच्या घासाने काळी झालेली होती.

"ती भिंत मी घासलीय," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. धरणावरच्या गवंड्यांचं काम उद्धवला पसंत पडेना. भिंत काचेसारखी व्हायला हवी, असं आमच्या अहवालात लिहिलेलं होतं, आणि तो अहवाल त्याने देव्हाऱ्यातल्या पोथीसारखा सांभाळला होता. शेवटी त्याने गावाकडून, माणहून, बापाला बोलावून घेतलं. आबा, तुमच्यासारखा हात इथं कुणाचा नाही, म्हणाला. कोंडिबांनी अकरा दिवस ती भिंत घासली. मजुरी घेतली नाही, लेकाचं काम म्हणून.

"हात फिरवून बघितला की वो. वरपासनं खालपतोर. तळव्याला कुटं अडलं न्हाई. आन आता सायेब म्हनत्यात उंचवटा हुता. म्हंजी मला गावला न्हाई. वय झालं, हाताला कळंना झालं आसंल." ते रंध्याच्या मुठीवरून अंगठा फिरवत होते. "मला काय नको, बाई. पर उद्धवच्या आईपुढं मला उभं ऱ्हाता येईना. माज्या हातानं पोर गेलं का, एवढंच सांगा. हो आसंल तर हो म्हना. मी आईकतो."

मी म्हटलं, "चौकशीत कळेल, बाबा."

आयुष्यात मी बरीच भेकड वाक्यं बोलले असेन. त्यातलं हे पहिलंही नव्हतं आणि शेवटचंही.

पहिलं वाक्य मी दोन वर्षांपूर्वी, त्याच हॉलमध्ये, उद्धवशी बोलले होते. तेव्हा कासारखिंडच्या मॉडेलच्या चाचण्या चालल्या होत्या. मोऱ्या आम्ही पारदर्शक प्लास्टिकच्या केल्या होत्या. भिंतीला ठिकठिकाणी सुईएवढी भोकं, प्रत्येक भोकाला मागून रबरी नळी जोडलेली, आणि त्या सगळ्या नळ्या एका फळ्यावरच्या उभ्या काचेच्या नळ्यांना नेऊन जोडलेल्या. काचेत पाणी जितकं वर, तितका भिंतीपाशी त्या जागी दाब जास्त. फळ्यावर एक आडवी लाल रेघ होती. पाणी तिच्या खाली जाता कामा नये. खाली गेलं तर खऱ्या धरणात दाब इतका उतरतो की थंड पाण्यातसुद्धा उकळल्यासारखे बुडबुडे उठतात, आणि ते भिंतीवर फुटून काँक्रीट टोचून टोचून काढतात.

आता, काचेतलं पाणी काही पुतळ्यासारखं उभं राहत नाही. ते वरखाली होतं. आम्ही म्हणायचो, नळी नाचतेय. नाचणाऱ्या नळीचं वाचन कुठलं लिहायचं, वरचं की खालचं? त्यावर आमच्याकडे जुना तोडगा होता. रबरी नळीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा. नळी दबली की काचेतलं पाणी मधोमध येऊन थांबतं, मग ते वाचायचं आणि लिहून टाकायचं. मी नोकरीला लागले त्या दिवशी माझे वरिष्ठ खांबेटेसाहेब यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती: "उद्या घरून डझनभर चिमटे घेऊन या." त्यांना त्यांच्या साहेबांनी तेच शिकवलं होतं. आईचे चिमटे हॉलमध्ये हरवायला लागले तेव्हा मी प्रत्येकावर शाईने 'सु. ढ.' लिहून ठेवलं.

कासारखिंडच्या बाकी नळ्या जेमतेम थरथरत होत्या. सात नंबरची मात्र वीतभर उडत होती. तिचं भोक मधल्या भिंतीच्या निमुळत्या टोकाला होतं. पाणी वर जायचं आणि मग लाल रेघेच्या चांगलं खाली येऊन परत वर जायचं. मी चिमटा लावला. पाणी रेघेच्या चार बोटं वर येऊन थांबलं. मी ते वहीत लिहिलं आणि आठव्या नळीकडे वळले. लिहिताना हात कापला वगैरे काही नाही. चिमटा लावणं म्हणजे चष्मा पुसण्यासारखं काम होतं.

गेनूमामाने मात्र भिंतीला आतून लोकरीचे बोटभर धागे चिकटवले होते. नातीचा जुना स्वेटर उसवून आणलेले, लाल. पाणी सोडलं की धागे पाण्याच्या दिशेने सपाट पडून राहायचे. त्याने मला हाक मारून वाकायला लावलं.

"बाई, सातच्या भोकापाशी बगा. धागा माघारी बघतोय."

खरंच, तो लाल धागा उलट्या दिशेला वळला होता, मग उभा राहत होता, मग गरगरत होता.

"असं का होतं, मामा?" मी विचारलं. मी भौतिकशास्त्र शिकलेली, तो चौथी पास. पण विचारलं, कारण त्याला सांगायला आवडायचं.

"वाट निमुळती आसली की पानी शानं आसतं. उतारावर सगळीच शानी. वाट रुंद झाली की पुढं दाब वाडतो, म्हंजी पान्याला चढच लागला म्हना. मधलं पानी जोरात आसतं, ते चढून जातं. पर भिंतीकडचं पानी आधीच भिंतीला घासून दमल्यालं. त्येला चढ झेपत न्हाई. ते माघारी फिरतं. आन मागनं येनारं त्येच्यावर आदळतं. मंग नुसता धिंगाना."

पुस्तकात हेच चाळीस पानांत लिहिलेलं आहे आणि इतकं स्पष्ट नाही.

मी धाग्याची गोष्ट खांबेटेसाहेबांच्या कानावर घातली. ते वाईट माणूस नव्हते. फाइल वेळेवर गेली की त्यांना झोप लागायची, एवढंच. त्यांनी विचारलं, वाचन रेघेच्या वर आहे ना? मी म्हटलं, आहे. मग धागे काय म्हणतात ते सरकारला कळवायचं का, म्हणाले. तिकडे पाया भरून झालाय, भिंतीचा आकार आता बदलणार नाही, आणि अहवाल सोमवारी गेला पाहिजे. मी सांगू शकले असते की वाचन चिमट्याचं आहे. ते त्यांनाही माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. मी मूग गिळून परत जागेवर आले.

उद्धव त्या वेळी धरणावरून तीन दिवस चाचण्या बघायला आला होता. खिशात नेहमी शेंगदाणे, आणि प्रश्न विचारायची लाज नाही. शेवटच्या दिवशी त्याने फळ्यासमोर उभं राहून विचारलं, "बाई, पुढे कधी दुरुस्ती निघाली तर एक मोरी चालू ठेवून दुसरीत माणसं उतरवायला लागतील. चालेल ना? मधली भिंत धरेल?"

मी वही त्याच्याकडे वळवली. "सगळी वाचनं रेघेच्या वर आहेत. चालेल."

त्याने ते खिशातल्या डायरीत तारीख घालून लिहून घेतलं. चिमटा त्याच्या नाकासमोर होता. त्याला तो फळ्याचाच एक भाग वाटला असणार. मग त्याने मला मूठभर शेंगदाणे दिले आणि तो एसटी पकडायला गेला.

भिंत फुटल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि गेनूमामाने मॉडेल पुन्हा चालू केलं. मी चिमटा काढला. सात नंबरची नळी वीतभर उडायला लागली, रेघेच्या खाली, वर, खाली. आम्ही दोघं बराच वेळ बघत उभे राहिलो. आमची भिंत प्लास्टिकची होती, आरशासारखी. तिच्यावर कसला उंचवटा नव्हता की खडबडीतपणा नव्हता, तरी पाणी नाचत होतं. दोष घासण्यात नव्हताच, भिंतीच्या आकारात होता, आणि तो आम्हाला दोन वर्षांपूर्वी दिसला होता.

चौकशीच्या आदल्या दिवशी खांबेटेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "उद्या नेहमीप्रमाणे वाचायचं, बाई. नेहमीप्रमाणे." ते खिडकीकडे बघत पुढे म्हणाले, "एक लक्षात घ्या. चिमटा तुमचा, वाचन तुमचं, वहीत सही तुमची. मी फक्त कागद पुढे पाठवला."

हे सगळं त्या सकाळी माझ्या डोक्यात होतं, आणि समोर तो म्हातारा रंधा मांडीवर घेऊन बसला होता.

अकरा वाजता समिती आली. अध्यक्ष आगाशे म्हणून निवृत्त मुख्य अभियंता होते, बरोबर एक तरुण सचिव वही घेऊन. खांबेटेसाहेब त्यांच्या मागे. कोंडिबांना साक्षीदार म्हणून बोलावलेलं होतं, पण त्यांना काय विचारायचं ते कुणी ठरवलेलं दिसलं नाही. ते एका कडेला उभे राहिले. गेनूमामाने पंप चालू केला, पाणी मोऱ्यांतून धावू लागलं आणि हॉल त्या आवाजाने भरून गेला.

मी फळ्यासमोर गेले. सात नंबरची नळी उडत होती. आगाशे अजून दहा पावलं लांब होते, चष्मा पुसत. मी खिशातून चिमटा काढला आणि लावला. माझ्या हाताने तो आपणहून लावला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मी विचार करून लावला. नोकरी जाईल, तीन माणसं मारल्याचं नाव माझ्यावर येईल, वर्तमानपत्रात माझं नाव 'अन्य' म्हणून येणार नाही, सगळं पूर्ण येईल. मी भ्याले होते.

आगाशे नळ्या बघत पुढे सरकले. मी एकेक वाचन मोठ्याने सांगत गेले, सचिव लिहीत गेला. सात नंबरला मी म्हटलं, "रेघेच्या वर चार बोटं. दोन वर्षांपूर्वीच्या वाचनाइतकंच." आगाशे म्हणाले, "म्हणजे रचनेत दोष नाही." खांबेटेसाहेब म्हणाले, "तसंच दिसतंय, सर." ते पुढे आठव्या नळीकडे गेले.

तेवढ्यात कोंडिबा पुढे आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते फळ्याकडे अगदी जवळून बघत होते, गवंडी भिंतीकडे बघतो तसे, मान तिरकी करून.

"बाई, ह्या एकाच नळीला चिमटा कशाला?"

सगळे थांबले. आगाशेही वळले.

"पाणी स्थिर राहावं म्हणून," मी म्हटलं. "वाचायला सोपं जातं."

त्यांनी मान हलवली. पटलंय असं वाटलं. पण मग त्यांनी हात पुढे केला आणि चिमट्याच्या अलीकडे, मॉडेलच्या बाजूला, रबरी नळीवर दोन बोटं ठेवली. वैद्य नाडी बघतो तशी. डोळे मिटले.

"हितं धडधडतंय," ते म्हणाले.

फळ्यापाशी गेनूमामा उभा होता. तो माझ्याकडे बघत होता. खांबेटेसाहेब जमिनीकडे बघत होते. आगाशे विचारत होते, काय म्हणाला तो? मला फक्त चिमटा काढायचा होता. बोलायचीसुद्धा गरज नव्हती. दोन बोटांचं काम होतं.

"पंपाची थरथर आहे, बाबा," मी म्हटलं. "सगळ्या मॉडेलला असते."

कोंडिबांनी आणखी क्षणभर बोटं तशीच ठेवली. त्या बोटांना खरं कळलं होतं. पण मी शिकलेली बाई होते, आणि उद्धव माझं नाव काढायचा. त्यांनी बोटं उचलली आणि पाहिली, उलटसुलट करून.

"आसंल," ते म्हणाले. "आता हाताचं काय खरं न्हाई."

मग ते आगाशेंपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, भिंत मी घासलीय. उंचवटा ऱ्हायला आसंल तर माज्या हातनं ऱ्हायला. पोराचं नाव त्यात घालू नगा."

आगाशेंना वाईट वाटलं असावं. त्यांनी सचिवाला लिहून घ्यायला सांगितलं आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. सचिवाने नाव, गाव, वय विचारलं. कोंडिबांनी सगळं सांगितलं आणि खाली अंगठा उमटवला. शाईचा अंगठा पटक्याच्या टोकाला पुसला. गेटबाहेर जाताना त्यांनी माझ्याकडे वळून हात जोडले. मीही जोडले.

दुपारी हॉल आवरताना मला स्टुलाखाली बशीशेजारी रंधा सापडला. मी तो घेऊन गेटपर्यंत पळत गेले. शिपाई म्हणाला, म्हातारा केव्हाच गेला. परत आले तर गेनूमामा धागे उपटून काढत होता. तो माझ्याशी बोलेल असं मला वाटत नव्हतं.

"मामा, तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं. आपलं पाप वाटून घ्यायला माणूस शोधायची मला घाई झाली होती.

"मला कुनी इचारलं?" तो म्हणाला. मग पाठमोराच पुढे म्हणाला, "भिंतीकडचं पानी आपन, बाई. चढ लागला की आपनच आधी माघारी फिरतो. पर त्यो म्हातारा न्हाई फिरला."

समितीच्या निष्कर्षात लिहिलं होतं: भिंतीचा पृष्ठभाग अपेक्षेइतका गुळगुळीत नसणे, काम करणाऱ्या गवंड्याने स्वतः तसे मान्य केले आहे. उद्धवचं नाव त्यात नव्हतं. रचनेचंही नव्हतं. कासारखिंडची भिंत त्याच आकाराची पुन्हा बांधली, फक्त दुप्पट जाड, आणि दोन्ही मोऱ्या एकदम बंद केल्याशिवाय कुणी आत उतरायचं नाही असा फलक लावला. म्हणजे कुणाला तरी कळलं होतं. कळलं असं कुणी म्हटलं नाही.

सहा वर्षांनी खांबेटेसाहेब निवृत्त झाले आणि तो फळा माझ्या ताब्यात आला. मी पहिल्याच दिवशी सगळे चिमटे गोळा करून टोपलीत भरले आणि नव्या मुलांना सांगितलं की नळी नाचत असेल तर वरचं, खालचं आणि मधलं अशी तीन वाचनं लिहायची, आणि खालचं लाल शाईने. त्यांना वाटलं बाई खाष्ट आहे. मग त्या आठवड्यात मी दोन पत्रं लिहिली. एक खात्याला, सविस्तर, नळीच्या आकृतीसह. त्याची पोच आली. आजतागायत पोचेपलीकडे काही आलं नाही.

दुसरं कोंडिबा साबळ्यांना. त्यात मी सगळं साध्या शब्दांत लिहिलं: तुमच्या हाताला जे कळलं ते खरं होतं. ती पंपाची थरथर नव्हती. भिंत तुम्ही उत्तम घासली होती, आणि काचेची असती तरी ती फुटलीच असती. खोटं मी बोलले. रंधा माझ्याकडे आहे, कधी येऊ ते कळवलंत तर स्वतः आणून देईन.

तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर शाळकरी होतं, उद्धवच्या बायकोचं. मी ते इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय.

'तुमचे पत्र मिळाले. मामंजी गेल्या पौषात वारले. तिकडून आल्यावर त्यांनी कधी थापी हातात धरली नाही. आजारपणात अंथरुणालगतच्या भिंतीवरून हात फिरवत आणि मला विचारत, इथे उंचवटा लागतो का बघ. मी नाही म्हणे. त्यांना खरे वाटत नसे. तुमचे पत्र सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी दोनदा वाचायला लावले. रंधा आणू नये. तो तुमच्याकडेच असू द्या.'